ओढ्याकडची वाट

यंदा दसऱ्याच्या आधी चार दिवस आमच्या न्हाणीघराचं दार लागलं. दार लागणं ही काय सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं पुण्याच्या माणसाला वाटेल. लोणावळ्याच्या माणसाला विचारा. जूनमध्ये आमची लाकडी दारं पाणी पिऊन अशी फुगतात की चौकटीत बसायचं नाव घेत नाहीत. मग चार महिने दाराला आतून बादली लावायची आणि अंघोळ होईपर्यंत मोठ्यानं खोकत राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळावं की आत माणूस आहे. त्या दिवशी मी सवयीनं बादली सरकवली, दार ढकललं, तर ते गपकन चौकटीत जाऊन बसलं. कडीसुद्धा लागली. खोकायची गरज उरली नव्हती, तरी मी दोनदा खोकलेच.

आमच्याकडे शरद ऋतू असा येतो. मिठाच्या बरणीत चमचा घातला की मीठ सुटं निघतं. काडेपेटीतली पहिलीच काडी पेटते. दोरीवरचा टॉवेल खरोखर वाळतो आणि त्याला कुबट वास न येता उन्हाचा वास येतो. भिंतीवरची हिरवी बुरशी एका रविवारी ब्रशनं घासून काढायची, आणि ती पुन्हा येत नाही. शनिवार-रविवारी गाणी लावून येणाऱ्या गाड्या कमी होतात, मक्याची कणसं भाजणारे आपल्या शेगड्या आवरतात, आणि आपला रस्ता आपल्याला परत मिळतो. मग मी कामावरून चालत घरी येते. पठारावर सोनकी फुललेली असते, सगळा उतार पिवळाधमक. हवा इतकी स्वच्छ होते की समोरच्या डोंगरावरचं एकेक झाड वेगळं दिसतं. बाजारात सीताफळं येतात. एक फळ कागदात गुंडाळून तांदळात ठेवायचं आणि रोज दाबून बघायचं, की झालं का, झालं का. पिकेपर्यंतची ती उत्सुकता फळापेक्षा गोड असते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण सगळ्यात आवडतं काम म्हणजे गोधड्या उन्हात टाकणं. चार महिने त्या ओलसर आणि जड होऊन अंगावर पडलेल्या असतात. आश्विनातलं कडक ऊन पडलं की त्या गच्चीच्या कठड्यावर टाकायच्या, दुपारी एकदा उलटायच्या आणि चारच्या सुमारास तापलेल्या घडीत तोंड खुपसायचं. आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आहेत त्या. त्या घडीतून मला माहेरच्या ओट्याचा वास येतो. बाकी स्वर्ग वगैरे लोकांना लखलाभ असो.

मात्र घडी घालण्याआधी मी प्रत्येक गोधडी तीनदा झटकते. दोन कोपरे धरून, हात लांब करून, मान मागे घेऊन. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर गोधडीत काय येणार आहे, असं विचारून नवरा थकला. चपला मी जमिनीवर आपटून मगच पायात घालते. तांदळाच्या डब्यात हात घालण्याआधी डबा हलवते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी वाफ फुसफुसते ना, ती ऐकवत नाही म्हणून मी त्या वेळी बाल्कनीत जाऊन उभी राहते. मी भित्री आहे, जन्माची भित्री. आणि गंमत अशी, की शरद जसजसा गोड होत जातो तशी माझी भीती पिकत जाते.

कारण तिकडे वडिवळ्यात भात पिकत असतं.

वडिवळे माझं माहेर. धरणाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, आमची भाताची तीन खाचरं आहेत, फार नाहीत, पण वर्षाचा तांदूळ निघतो. आई सत्तरीला टेकलीय. धाकटा भाऊ दिलीप आंबीकडे एका कारखान्यात शिफ्टवर जातो आणि उरलेल्या वेळात शेती बघतो. वर्षावासाचे तीन महिने गावातल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन चालतं आणि आश्विन पौर्णिमेला त्याची समाप्ती होते. त्या दिवशी खीर असते. लहानपणी मला वाचनातलं फार कळत नव्हतं, खिरीतलं मात्र सगळं कळत होतं. खीर झाली की दुसऱ्या दिवसापासून विळे घासायला बसायचं. आमचं इंद्रायणी भात पिकलं की सगळ्या शिवाराला एक वास येतो, भात शिजतंय की काय असं वाटावं असा. पाहुणे तो वास छाती भरून घेतात आणि म्हणतात, काय नशीबवान आहात हो तुम्ही. मला तेव्हा धास्ती वाटते. आधीही वाटायची. तीन वर्षांपासून ती जातच नाही.

आमच्याकडे कापणीची एक रीत आहे. खाचर चारी बाजूंनी कापत यायचं नाही. तीन बाजू कापायच्या आणि ओढ्याच्या अंगाला दोन हात रुंदीचा पट्टा उभाच ठेवायचा, मधल्या पिकापासून थेट ओढ्याच्या झुडपांपर्यंत. त्याला आई ‘वाट’ म्हणते. आपण कापत आत सरकलो की उंदीर, बेडूक, खेकडे आणि त्यांच्या मागावर आलेले साप असे सगळे मधल्या उभ्या भातात गोळा होतात. उघड्यावर यायला ते भितात, अगदी आपल्यासारखेच. त्यांना आडोशानं निघून जायला वाट हवी. शेवटचा तुकडा उरला की सगळ्यांनी हात थांबवायचे, विळ्यावर विळा वाजवायचा आणि एक पान खाऊन होईपर्यंत बांधावर बसायचं. मग तो तुकडा कापायचा, आणि सगळ्यात शेवटी वाट. ज्याला त्याला जायला जागा पायजे, असं आई म्हणायची. पाऊस तोंडावर आलेला असो की मजूर खोळंबलेले असोत, तिनं ही रीत कधी मोडलेली मी पाहिली नाही.

आता माझ्या कापण्याविषयी. विळा जमिनीलगत चालवायचा तर डावा हात भाताच्या बुडाशी घालून मूठ धरावी लागते. तिथं काय आहे ते दिसत नाही. पात्यांचा अंधार, खाली ओल. माझा हात तिथं जातच नाही. मी वीतभर वरूनच मूठ धरते आणि वरूनच कापते. मागं उंच उंच धसकटं राहतात, आणि गुरांचा तेवढा पेंढा फुकट जातो. आई पूर्वी हसायची. वंदे, भात कापतीस का केस, म्हणून सगळ्यांसमोर चिडवायची. मी लोणावळ्यात एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, सकाळपासून तीस-चाळीस दंडांत सुई घालते आणि हात जराही हलत नाही. त्यामुळे या चिडवण्यात तिला भारी मजा यायची.

तीन वर्षांपूर्वीचा तो रविवार. पौर्णिमा होऊन गेली होती. मी सुट्टी काढून कापणीला गेले होते. खाचरात आई, दिलीप आणि शेजारचे बबनआबा होते. आबांची जमीन आमच्या बांधाला लागून; त्यांच्या कापणीला आम्ही आणि आमच्या कापणीला ते, असं आमच्या आजोबांपासून चालत आलेलं. सकाळी ऊन इतकं छान होतं की मी घमेल्यात काकड्या कापून, मीठमिरची लावून सगळ्यांना दिल्या होत्या. दुपारी डोंगराकडून ढग आला. कापलेलं भात भिजलं तर काळं पडतं, म्हणून सगळे घाईला आले. दिलीपला दुसऱ्या पाळीला जायचं होतं. तिघं मधल्या पिकात घुसले.

मला मधे जायचं नव्हतं. मधे म्हणजे जिथं सगळं गोळा झालेलं असतं तिथं. पण हात बांधून बांधावर उभं राहणंही बरं दिसेना. म्हणून मी ओढ्याच्या अंगाला गेले आणि वाट कापली. दहा मिनिटांचं काम. बांध जवळ, मोकळी जागा जवळ, पळायचं झालं तर पळता येईल. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. चांगलं ठाऊक होतं. एवढ्याशानं काय होतंय, पाऊस आला तर सगळ्यांचंच नुकसान, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण एवढंच की मी भ्याले होते. कापून झाल्यावर मी लांब जाऊन पेंढ्या बांधायला लागले. मधल्या उभ्या पिकामुळे इकडचं तिकडे कुणाला दिसलं नाही.

शेवटचा तुकडा उरला तेव्हा आई रीतीप्रमाणे वाटेकडे बघायला गेली. मला तिचा पदर दिसत होता. ती तिथं जाऊन थांबली आणि खाली बघत राहिली. मग कुकर फुसफुसावा तसा आवाज आला, मोठा, मी उभी होते तिथपर्यंत. घोणस होती. तिला झुडपांकडे जायचं होतं आणि मधे आडोसा नव्हता. ती उघड्यावरच वेटोळं करून बसलेली होती. आई ओरडली नाही. पाय धरून बांधावर बसली आणि दिलीपला हाक मारली.

कुणीतरी मांत्रिकाचं नाव काढलं. आई म्हणाली, मंतर नको, गाडी काढ. दिलीपनं तिला उचलून आबांच्या पिकअपमध्ये घातलं. तळेगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा घोटा भोपळ्याएवढा सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ती मला धीर देत होती. तोंड पुसत म्हणत होती की काकडी लय गोड निघाली हुती गं.

घोणस चावली की एक साधी तपासणी करतात. काचेच्या कोऱ्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी ती तिरकी करायची. रक्त गोठून बसलेलं असलं तर बरं. नळीत पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलंय. सिस्टरनं नळी खिडकीत ठेवली. बाहेर ऊन पडलं होतं, तो ढग न बरसताच निघून गेला होता. मी आयुष्यात हजारो नळ्या हाताळल्या असतील. त्या वीस मिनिटांत मी त्या नळीसमोर हात जोडून उभी होते. बाजूच्या बाकावरच्या बाईनं मला विचारलं, काय देव आहे का तिथं.

सिस्टरनं नळी तिरकी केली. रक्त वाहिलं, अगदी पातळ, लाल सरबतासारखं. लोकांना काय, डॉक्टर सांगतील ते खरं. मला त्या नळीतलं सगळं वाचता येत होतं. सलाईनमधून औषध सुरू झालं. मग सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. पुन्हा वाहिलं, पण जरा दाट. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी नळी आडवी केली आणि तळाशी लाल गोळा तसाच चिकटून राहिला. तेव्हा मी रडले. त्याआधी रडायचंही धाडस होत नव्हतं.

पण त्या दोन दिवसांतली एक गोष्ट मी तीन वर्षं कुणाला सांगितली नव्हती. दवाखान्याच्या आवारात बबनआबांनी विचारलं होतं, वाट कुणी कापली. त्या दिवशी ओढ्याची बाजू कापायला दिलीपकडे होती. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आबा त्याला वाटेल तसं बोलले. शिफ्टच्या घाईपायी आईचा जीव घेतलास म्हणाले. दिलीप खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “गडबडीत कापली असंल मीच. ध्यानात न्हाई.” मी तीन हातांवर उभी होते. आता नको, आई बरी झाली की सांगू. मग आई घरी आली की सांगू. मग ती चालायला लागली की सांगू. असं करत दिवस गेले आणि गोष्ट दिलीपच्या नावावर बसली. गावात अजून कुणी कापणीला घाई केली की लोक म्हणतात, दिल्यासारखी वाट कापू नको रे बाबा.

आईच्या घोट्याला खड्डा पडला. पाय ओढत चालते. पण पुढच्या वर्षी ती पुन्हा खाचरात उतरली. मी गेले नाही. एका वर्षी लॅबमध्ये माणूस नव्हतं, एका वर्षी पाठ धरली होती. दोन्ही खोटं. कापणीच्या दिवसांत फोन वाजला की मी आधी नाव बघायची, मग सबब ठरवायची, मग उचलायची. सापाचं भय तर होतंच. त्याहून मोठं भय आईच्या डोळ्यांत बघायचं होतं. सोनकी फुलायची, मीठ सुटं व्हायचं, गोधड्या तापायच्या, आणि मला यातलं काही गोड लागेनासं झालं. कडी लागणाऱ्या दाराआड उभी राहून मी मनात म्हणायची, यंदाही काहीतरी सांगून टाळू.

यंदा फोन आला तो दार लागल्यावर पंधरा-वीस दिवसांनी. आईनं खुशालीसुद्धा विचारली नाही. दिलीपला रजा मिळत नाही, आबांचे गुडघे गेलेत, यंदा तू ये, एवढंच म्हणाली. मी दोन जोड गुडघ्यापर्यंतचे गमबूट घेतले, जाडे हातमोजे घेतले आणि गेले. आईनं माझ्या समाधानासाठी लुगडं खोचून बूट चढवले. खाचरात दोन पावलं टाकून म्हणाली, पोलिसात भरती झाल्यावानी वाटतंय.

दिवसभर मी उंचच कापत राहिले. हातमोजे घालूनसुद्धा हात खाली जाईना. आई माझ्या पुढे होती, तिच्या मागची धसकटं बोटभर. दुपार कलली तेव्हा शेवटचा तुकडा उरला. ओढ्याकडची वाट उभी होती, दोन हात रुंद, लोंब्या वाकलेल्या. आईनं विळ्यावर विळा वाजवला आणि आम्ही दोघी बांधावर बसलो. तिनं पान काढलं. आता नाही बोलले तर कधीच नाही, हे मला कळत होतं. मी म्हटलं, आई, त्या वर्षी…

“त्या वर्साची वाट तू कापलीस,” आई म्हणाली. पानाला चुना लावत होती, मान वर केली नाही. “ठावं हाय मला.”

कसं, एवढंच मी विचारलं.

“धसकटं बघितली की. वीतभर उंच. आपल्यात तसं कोण कापतं?” तिनं पान दुमडलं. “तीच बघत हुबी ऱ्हायले. म्हून तर पाय हलवला न्हाई मी.”

म्हणजे चावण्याआधीच तिला कळलं होतं. तेव्हा ती खाली काय बघत होती, हे मला तीन वर्षांनी समजत होतं. पिकअपमध्ये तोंडातलं रक्त पुसताना तिला ठाऊक होतं. काकडी गोड निघाली म्हणाली तेव्हाही ठाऊक होतं. मी दिलीपचं नाव घेतलं.

“त्याला घरी आल्या आल्या सांगितलं मी, तुजा हात न्हाई म्हून. तर म्हनला, ऱ्हाऊ दे. ताईला कळलं का आपल्याला ठावं हाय, तर ती पुन्यांदा शेतात पाय ठेवायची न्हाई.” आईनं पान तोंडात टाकलं. “तरी तू ठेवला न्हाईसच.”

मी तोंडावर हात घेऊन रडले. हातमोज्याचा रबरी वास नाकात जात होता. आईनं माझ्या पाठीवर हात फिरवला नाही, की उगी म्हणाली नाही. तिचं लक्ष खाचराकडे होतं. ती पान चघळत बसली आणि मी रडत बसले. एवढी वर्षं माझा भाऊ माझ्यासाठी गावाचं ऐकून घेत होता, आणि मी इकडे लोणावळ्यात गोधड्या झटकत होते.

मग आईनं माझा दंड दाबला आणि हनुवटीनं दाखवलं. वाटेतल्या लोंब्या हलत होत्या. वारा नव्हता. मधल्या तुकड्यापासून हलत हलत ती रेघ ओढ्याकडे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. काय होतं ते दिसलं नाही. झुडपांपाशी पानं एकदा सळसळली आणि सगळं गप्प झालं. मी आईला घट्ट धरलं होतं. तिचं पान अजून संपायचं होतं, म्हणून आम्ही आणखी बसलो.

पान संपलं. आई पायाचा भार सावरत उठली आणि आधी तुकडा कापून घेतला, बराचसा तिनंच. राहिली ती वाट. तिच्यासमोर मी विळा घेऊन उभी राहिले. आईनं माझ्या डाव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि आपल्या कमरेला खोचला.

“खालनं काप,” ती म्हणाली.

मी वाकले. पाती बाजूला सारत मी हात आत घातला, खाली, आणखी खाली, जिथं दिसत नाही तिथं. बुडाशी माती अजून ओली होती, गार. मी मूठ आवळली.